हाड बसवताना कळ सोसायलाच हवी का?

"जरा दम धरा, एका मिनिटाचं काम आहे." मोडलेलं मनगट किंवा निखळलेला खांदा घेऊन कॅज्युअल्टीत गेलेल्या अनेकांनी हे वाक्य ऐकलेलं असतं. मग दोघंजण धरतात, एकजण ओढतो, आतून किंकाळी ऐकू येते आणि बाहेर बाकावर बसलेले नातेवाईक खाली मान घालतात. हाड बसतं, प्लास्टर होतं, मंडळी घरी जातात. हाड बसवायचं म्हटल्यावर एवढं सोसावं लागणारच, असं रुग्ण धरून चालतो, नातेवाईकही धरून चालतात आणि पुष्कळदा डॉक्टरही.

मी भूलतज्ज्ञ आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की दुखणं थांबवणं हा हाड बसवण्याच्या कामाचाच भाग आहे. ते आधी नीट थांबवलं तर हाड कमी जोर लावून बसतं, कमी इजा होऊन बसतं, आणि अनेकदा पहिल्याच प्रयत्नात बसतं. हे कसं होतं ते समजून घेतलं, तर आपल्या घरातलं कोणी त्या टेबलावर असताना नेमकं काय विचारायचं हेही कळेल.

कळ येते कुठून

हाडाच्या कठीण भागापेक्षा त्याच्यावर जो पातळ पापुद्रा असतो, त्यात वेदना वाहून नेणाऱ्या नसांचं जाळं फार दाट असतं. हाड मोडलं की हा पापुद्रा फाटतो. मोडलेली टोकं जराशी हलली तरी तो पुन्हा खेचला जातो. रिक्षा खड्ड्यात गेली की जीव कळवळतो तो यामुळे. शिवाय मोडलेल्या जागी रक्त साचतं, सूज चढते, आतला दाब वाढतो आणि ठणका सुरू होतो.

तिसरी गोष्ट स्नायूंची, आणि सगळ्यात महत्त्वाची तीच. दुखापत झाली की आजूबाजूचे स्नायू आपोआप आवळले जातात. मोडलेला भाग हलू नये म्हणून शरीराने केलेला हा बंदोबस्त असतो. पण खांदा निखळला असेल तर हाच बंदोबस्त आडवा येतो. दंडाच्या हाडाचा गोल माथा खोबणीतून बाहेर, १०० पैकी साधारण ९५ वेळा पुढच्या बाजूला, आलेला असतो आणि आवळलेले स्नायू त्याला तिथेच धरून ठेवतात. डॉक्टर हात ओढतात, रुग्णाला कळ जाते, कळेने स्नायू आणखी आवळतात, म्हणून डॉक्टर आणखी जोर लावतात. या झटापटीत हाडाला चीर जाणं, जवळची नस ताणली जाणं असे प्रकार होऊ शकतात. स्नायू सैल पडले तर तोच माथा हलक्या हाताने आत सरकतो. स्नायू सैल पडायला बहुधा आधी दुखणं थांबावं लागतं. रुग्ण धीट आहे की भित्रा याचा इथे काही संबंध नाही, कारण आवळलेले स्नायू इच्छेने सोडता येत नाहीत. अगदी पैलवानालासुद्धा.

पहिलं औषध बाटलीत नसतं

मोडलेला भाग हलू न देणं हे सर्वांत जुनं आणि सर्वांत भरवशाचं वेदनाशामक. पहिल्या महायुद्धात याचा मोठा पुरावा मिळाला. मांडीचं हाड मोडलेले सैनिक सुरुवातीला फार मोठ्या संख्येने दगावत, कारण मांडीच्या एका फ्रॅक्चरमध्ये आतल्या आत एक ते दीड लिटर रक्त सांडू शकतं, आणि स्ट्रेचरवरच्या प्रत्येक धक्क्याला ते वाढतं. लिव्हरपूलच्या ह्यू ओवेन थॉमस यांनी एकोणिसाव्या शतकात बनवलेली पायाला ताण देऊन धरून ठेवणारी पट्टी त्यांचे भाचे रॉबर्ट जोन्स यांनी युद्धात वापरात आणली, आणि हे मृत्यू झपाट्याने खाली आले. थॉमस स्प्लिंट आजही आपल्या रुग्णालयांत दिसते.

घरी किंवा रस्त्यावर हे तत्त्व तसंच लागू पडतं. हात असेल तर जाड घडी केलेलं वर्तमानपत्र किंवा पुठ्ठा, आत मऊ कापड, वरून ओढणी किंवा पंचाने बांधायचं, आणि मग तो हात गळ्यात अडकवलेल्या झोळीत ठेवायचा. वरचा आणि खालचा असे दोन्ही सांधे हलणार नाहीत इतपत लांबी हवी. आवळून बांधायचं नाही. बोटं गरम आणि गुलाबी राहिली पाहिजेत. वाकडं दिसतंय म्हणून सरळ करायला जाऊ नका, आहे त्याच स्थितीत आधार द्या. पाय मोडला असेल आणि दुसरं काही हाताशी नसेल, तर मध्ये चादरीची घडी ठेवून तो चांगल्या पायाला बांधा आणि १०८ला फोन करा. मागच्या सीटवर कोंबून नेण्यापेक्षा दहा मिनिटं थांबलेलं बरं.

बांगड्या आणि अंगठ्या लगेच काढा, तासाभराने सूज चढली की त्या कापाव्या लागतात. हे आपल्याकडे हमखास राहून जातं. हिरवा चुडा उतरवायला घरातल्या बाईचं मन तयार होत नाही, आणि मग कॅज्युअल्टीत काचा फोडत बसायची वेळ येते.

तेल लावून चोळू नका. कोपराच्या बाबतीत तर मुळीच नाही. दुखापत झालेल्या कोपराला मालिश केली तर स्नायूंमध्येच हाड तयार होऊ शकतं आणि कोपर कायमचं आखडू शकतं. असे आखडलेले कोपर हाडांच्या डॉक्टरांकडे अजूनही येतात. आणि दारू पाजू नका. दुखणं थांबत नाही, वर भूल द्यायची म्हटली की धोका मात्र वाढतो.

गोळ्या आणि इंजेक्शनं

साधं पॅरासिटामॉल आपण तापाचं औषध म्हणून ओळखतो, त्यामुळे मोडलेल्या हाडाला ते दिलं की नातेवाईकांना फसवल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात पुरेशा मात्रेत, म्हणजे प्रौढ माणसाला एका वेळी १ ग्रॅम, ते चांगलं काम करतं. सोबत आयब्युप्रोफेन दिलं तर आणखी चांगलं. २०१७ साली प्रसिद्ध झालेला न्यूयॉर्कमधला एक अभ्यास याबाबतीत बोलका आहे. हातापायाला मार लागून, मुरगळून किंवा हाड मोडून तातडीच्या विभागात आलेल्या ४००हून अधिक रुग्णांना चार गटांत वाटलं. एका गटाला ४०० मिलिग्रॅम आयब्युप्रोफेन आणि १ ग्रॅम पॅरासिटामॉल दिलं, बाकी तीन गटांना अफूच्या कुळातल्या तीन वेगवेगळ्या औषधांच्या गोळ्या. दोन तासांनी चारही गटांचं दुखणं जवळपास सारखंच कमी झालेलं होतं. फार वाकडं झालेलं हाड बसवायला या गोळ्या पुरणार नाहीत हे उघड आहे, पण रांगेत बसलेल्या माणसाला एक्स-रेच्या आधी त्या द्यायला काहीच हरकत नाही.

आपल्याकडे सर्रास दिलं जातं ते डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन, कमरेत. ते उपयोगी आहे, पण ज्याचं पोट अल्सरचं आहे, मूत्रपिंडं नाजूक आहेत, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे किंवा ज्याचं खूप रक्त गेलंय, अशा माणसाला ते देताना विचार करावा लागतो. म्हातारी माणसं यातल्या एकदोन यादीत असतातच. म्हणून चालू गोळ्यांच्या स्ट्रिप्स पिशवीत घालून सोबत न्या. नावं आठवत बसण्यात वेळ जातो.

याच्यापुढची पायरी म्हणजे मॉर्फिन आणि फेंटानिल ही अफूच्या कुळातली औषधं. शिरेतून थोडं थोडं देत गेलं की काही मिनिटांत दुखणं उतरतं. गंमत अशी की मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकते, देशात तिच्यावर प्रक्रियाही होते, तरी गेली कित्येक वर्षं लहान गावातल्या रुग्णालयात मॉर्फिनची एक अँप्यूल सापडणं कठीण. १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात परवान्यांची इतकी गुंतागुंत होती की रुग्णालयं त्या वाटेला जाईनात. २०१४मध्ये कायदा दुरुस्त होऊन मॉर्फिन, फेंटानिलसह मोजकी औषधं 'अत्यावश्यक' ठरली आणि राज्याराज्यांतले वेगळे नियम जाऊन एकच पद्धत आली. तरीही जुनी भीती रेंगाळते. त्यामुळे बहुतेक ठिकाणी त्याच कुळातल्या ट्रॅमाडॉलवर भागवलं जातं; २०१८पासून तेही याच कायद्याखाली आलं आहे. ट्रॅमाडॉलने मळमळतं, काहींना उलट्या होतात, आणि फिट्सचा आजार असलेल्यांना ते टाळतात.

"याची सवय लागेल का?" हा प्रश्न नातेवाईक विचारतातच. हाड बसवताना दवाखान्यात दिलेल्या एकदोन डोसांनी व्यसन लागतं, अशी धास्ती बाळगायचं कारण नाही. आठवड्यांमागून आठवडे घरी गोळ्या चालू ठेवणं ही वेगळी बाब आहे.

दुसरा प्रश्न डॉक्टरांच्या बाजूने येतो: दुखणं दाबलं तर निदान चुकेल का? मोडलेलं हाड एक्स-रेत दिसतं, रुग्ण कण्हतोय की नाही यावर ते अवलंबून नसतं. उलट दुखणं कमी असेल तर हात हवा तसा ठेवता येतो आणि एक्स-रे स्वच्छ निघतो. एक पथ्य मात्र आहे. सुन्न करण्याआधी बोटं हलतात का, स्पर्श कळतो का, नाडी लागते का, हे तपासून लिहून ठेवायला हवं. खांदा निखळला असेल तर दंडाच्या वरच्या बाहेरच्या भागावर बोट टेकवून विचारतात, "इथे कळतंय का?" तिथली बधिरता म्हणजे एक नस ताणली गेली आहे. हाड बसवल्यावर तोच प्रश्न पुन्हा विचारतात.

आणि रुग्णाला किती दुखतंय हे रुग्णालाच विचारायचं असतं. "दहापैकी किती?" हे काही आजींना जमत नाही, "रुपयात किती आणे?" विचारलं की "चौदा आणे तरी आहे बघ" असं नेमकं उत्तर येतं. न विचारता अंदाज बांधला की काय होतं ते १९९३ साली लॉस एंजेलिसमधून आलेल्या एका अभ्यासाने दाखवलं. हातापायाची लांब हाडं मोडून आलेल्या रुग्णांमध्ये गोऱ्यांपैकी २६ टक्क्यांना वेदनाशामक मिळालंच नव्हतं. लॅटिन अमेरिकी वंशाच्या रुग्णांमध्ये हे प्रमाण ५५ टक्के होतं. फ्रॅक्चर सारखी, रुग्णालय तेच. आपल्याकडे हाच भेद कोणत्या रुग्णांच्या वाट्याला येतो, हे सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत तासभर बसलं तरी जाणवतं. जो मोठ्याने बोलतो त्याला आधी इंजेक्शन मिळतं. लहान मूल, डोक्यावर पदर घेतलेली गप्प बाई आणि ज्याला मराठी-हिंदी नीट येत नाही असा बांधकामावरचा मजूर मागे राहतात.

तेवढीच जागा सुन्न करणं

माझ्या मते या साऱ्या विषयात सर्वांत कमी वापरली जाणारी आणि सर्वांत जास्त वापरायला हवी अशी गोष्ट म्हणजे ही.

मनगटाचं फ्रॅक्चर घ्या. घसरून हातावर पडलेल्या पन्नाशीपुढच्या बाईचं मनगट काट्याच्या चमच्यासारखं मागे वळलेलं दिसतं. डब्लिनचे सर्जन अब्राहम कोलिस यांनी १८१४ साली, म्हणजे एक्स-रेचा शोध लागायच्या ८१ वर्षं आधी, त्याचं वर्णन केलं आणि ते आजही त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. हे हाड बसवायला पूर्ण भूल लागतेच असं नाही. मोडलेल्या जागी रक्त साचलेलं असतं हे वर आलंच. त्याच रक्तात लिग्नोकेन हे बधिर करणारं औषध सोडायचं. मनगटाची मागची बाजू औषधाने स्वच्छ पुसतात, बारीक सुई मोडीच्या फटीत तिरकी नेतात आणि सिरिंजचा दट्ट्या किंचित मागे ओढतात. गडद रक्ताची एक रेघ औषधात उतरून पसरली की सुई बरोबर जागी आहे. मग औषध सावकाश आत सोडतात, आणि दहा मिनिटं थांबतात.

ही दहा मिनिटंच आपल्याकडे मिळत नाहीत. लिग्नोकेनची बाटली स्वस्त असते, कॅज्युअल्टीच्या ट्रेमध्ये टाके घालण्यासाठी ठेवलेली असतेच. पण रात्रीच्या ड्यूटीवर एक निवासी डॉक्टर आणि बाहेर रांग अशी स्थिती असली की "दोन मिनिटांत ओढून टाकू" हा मोह होतो. मी त्या डॉक्टरांना दोष देत नाही, त्यांच्या जागी मीही उभा राहिलेलो आहे. पण एकाला इंजेक्शन देऊन दुसऱ्याचा एक्स-रे पाहून यावं, एवढं करता येतं, आणि जिथे ही शिस्त लागली आहे तिथे किंकाळ्या ऐकू येत नाहीत. सुन्न केल्यावरही ओढाताण होतेय हे जाणवतं, थोडं दुखूही शकतं. पण धरायला दोन माणसं लागत नाहीत.

निखळलेल्या खांद्यातही असंच करता येतं. माथा पुढे सरकल्याने खांद्याच्या टोकाखाली एक खळगा पडलेला असतो. तिथून सांध्यात लिग्नोकेन सोडतात आणि साधारण पंधरा मिनिटांनी खांदा बसवतात. गुंगीचं औषध देऊन बसवण्याशी याची तुलना झाली आहे. यशाच्या प्रमाणात फरक आढळला नाही, आणि रुग्ण लवकर घरी जाऊ शकला.

सबंध हात बधिर करायचा असेल तर दंडावर दाबपट्टी फुगवून हातातला रक्तप्रवाह तात्पुरता थांबवतात आणि शिरेतून बधिर करणारं औषध सोडतात. जर्मन सर्जन आउगुस्ट बीअर यांनी १९०८ साली ही पद्धत मांडली. कमरेतून भूल देण्याची सुरुवातही त्यांचीच, १८९८ सालची. यात पट्टी लवकर सुटली तर औषध एकदम रक्तात मिसळून हृदयाला आणि मेंदूला त्रास होऊ शकतो, म्हणून ती किमान वीस मिनिटं सोडत नाहीत आणि जाणकार माणूस शेजारी उभा असतो. सुन्न करणाऱ्या कुठल्याही औषधानंतर तोंडाभोवती मुंग्या आल्या, जिभेवर धातूची चव आली किंवा कानात आवाज येऊ लागला, तर लगेच सांगायचं. 'होईल कमी' म्हणून गप्प बसायचं नाही.

आता मोरीत पाय घसरून पडलेल्या आजी. खुब्याचं हाड मोडलं आहे, पाय आखूड दिसतोय आणि बाहेर वळलाय. ऑपरेशन उद्या किंवा परवा. मधला सगळा वेळ बेडपॅन, कूस बदलणं, एक्स-रेच्या टेबलावर उचलून ठेवणं, आणि दर हालचालीला कळ. मॉर्फिन जास्त झालं तर या वयात बुद्धी भ्रमल्यासारखी होते. दुखणं तसंच ठेवलं तरी तेच होतं. डायक्लोफेनॅक मूत्रपिंडांना झेपेलच असं नाही. अशा वेळी जांघेच्या वरच्या भागात, सोनोग्राफीच्या पडद्यावर थर बघत बघत, स्नायूवरच्या आवरणाखाली बधिर करणारं औषध पसरवतात. यालाच 'ब्लॉक' म्हणतात. १९८९मध्ये वर्णन झालेली ही पद्धत आता खुब्याच्या फ्रॅक्चरसाठी अनेक देशांत तातडीच्या विभागातच वापरतात. आठ-बारा तास, कधी त्याहून जास्त आराम मिळतो. आजी झोपतात, चार घास खातात, आणि ऑपरेशनच्या वेळी कमरेतून भूल देण्यासाठी त्यांना बसवता येतं. मोठ्या शहरांत भूलतज्ज्ञ आणि सोनोग्राफीचं छोटं मशीन दोन्ही असतात. पण बोलावणं येतं ते थेट ऑपरेशनच्या दिवशी. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी "ब्लॉक देता येईल का?" हे विचारायला नातेवाईकांनी संकोच करू नये. विस्मरणाचा आजार असलेले आजोबा दुखतंय म्हणून सांगणार नाहीत. कूस बदलताना कपाळावर पडणारी आठी, घट्ट मिटलेल्या मुठी, एकाएकी चिडचिड, हेच त्यांचं सांगणं.

गुंगी देऊन

मोठा सांधा, दणकट स्नायू, घाबरलेलं मूल किंवा आधीचे प्रयत्न फसलेले, अशा वेळी थोडा वेळ गुंगी द्यावी लागते. इथे एक गल्लत वारंवार होते. मिडाझोलाम किंवा डायझेपाम ही झोपेची औषधं आहेत, वेदनेची नाहीत. ती एकटीच दिली तर रुग्णाला दुखतं, फक्त पुढे आठवत नाही. आठवत नाही म्हणून चालवून घ्यावं हे मला पटत नाही. सोबत वेदनेचं औषध हवंच.

केटामिन मात्र दोन्ही कामं करतं. १९६२मध्ये तयार झालेलं, १९७०मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं आणि व्हिएतनाम युद्धात रणांगणावर वापरलं गेलेलं हे औषध जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक यादीत आहे. शिरेतून दिल्यावर मिनिटाभरात रुग्ण भोवतालापासून तुटतो, पण बहुधा श्वास स्वतःच घेत राहतो आणि रक्तदाब टिकतो. शीर सापडत नसेल तर ते स्नायूतही देता येतं. नातेवाईकांना आधी सांगून ठेवावं लागतं, कारण मुलाचे डोळे उघडे असतात, बुबुळं हळूहळू हलत असतात आणि मूल काहीतरी पुटपुटतं. आईला वाटतं ते जागं आहे. शुद्धीवर येताना काहींना भलतंसलतं दिसतं, मोठ्यांना जास्त. खोली शांत ठेवली आणि ओळखीचा आवाज कानावर पडला तर ते बरंच सौम्य जातं. प्रोपोफॉल या भुलीच्या औषधाने स्नायू छान सैल पडतात आणि जाग लवकर येते, पण त्याने श्वास मंदावतो आणि रक्तदाब उतरतो. नाकावाटे ओढायचा लाफिंग गॅस आणि ऑक्सिजन यांचं निम्मं-निम्मं मिश्रण मुलांना फार मानवतं. आपल्याकडे ती सोय मोजक्याच ठिकाणी आहे.

गुंगी द्यायची असेल तर ऑक्सिजन, बोटाला लावायचं ऑक्सिजन मोजणारं यंत्र, रक्तदाबाचं यंत्र आणि तोंडातला स्राव ओढून घेणारं सक्शन हाताशी हवं. आणि एक माणूस असा हवा की ज्याचं लक्ष हाडाकडे नाही, फक्त रुग्णाच्या श्वासाकडे आहे. हाड बसवणाऱ्यानेच इंजेक्शनही द्यायचं, हे धोक्याचं. "गुंगी कोण देणार आहे आणि ते शेजारी थांबणार आहेत ना?" हा प्रश्न विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

उपासपोटी असण्याचा मुद्दा इथेच येतो. साधारण नियम असा की घन अन्नानंतर सहा तास, पाण्यानंतर दोन तास. पडलेल्या माणसाला धीर यावा म्हणून आपण पहिल्यांदा चहा-बिस्कीट देतो, आणि मग भूल लांबणीवर पडते. काही देऊ नका. शेवटचं काय आणि किती वाजता खाल्लं ते मात्र लक्षात ठेवून सांगा. तातडी खरोखरच असेल तर डॉक्टर धोका तोलून त्याआधीही गुंगी देतात. खुब्याचा सांधा निखळला असेल तर सहा तासांच्या आत तो जागेवर बसवायचा प्रयत्न असतो, नाहीतर हाडाच्या माथ्याचा रक्तपुरवठा तुटून तो मरण्याचा धोका वाढतो. घोटा उखडून वरची कातडी ताणून पांढरी पडली असेल किंवा हाताची नाडी लागत नसेल, तर तिथेही थांबून चालत नाही.

औषधाशिवायही काही बसतं

ऑस्ट्रेलियातल्या नील कनिंगहॅम यांनी २००३मध्ये खांदा बसवायची एक पद्धत मांडली. रुग्णाला ताठ पाठीच्या खुर्चीत बसवायचं. डॉक्टर समोर बसतात, रुग्णाचं कोपर दुमडून त्याचा हात आपल्या खांद्यावर टेकवून घेतात. मग मानेपासून दंडापर्यंतचे स्नायू हळूहळू चोळत जातात आणि त्याला सांगतात, खांदे वर घ्या, मागे न्या, छाती पुढे. ओढणं अजिबात नाही. काही मिनिटांत माथा आपसूक आत सरकतो, कधीकधी रुग्णाला नंतरच कळतं. काखेत टाच रोवून हात ओढण्याची रीत प्राचीन ग्रीक वैद्य हिप्पोक्रॅटिसच्या काळापासूनची. तिच्यात आणि या पद्धतीत फरक एवढाच की ही स्नायूंशी भांडत नाही. सगळ्यांनाच ती लागू पडते असं नाही. फार सुजलेला, तासन्‌तास निखळून राहिलेला किंवा सोबत हाड मोडलेला खांदा असेल तर औषधं लागतातच.

लहान मुलांचं आणखी सोपं. दोन-तीन वर्षांच्या मुलाला एका हाताने उचललं, रस्ता ओलांडताना हिसका बसला, आणि मूल तो हात हलवेनासं झालं. कोपरातल्या एका हाडाचं टोक त्याला धरून ठेवणाऱ्या कडीसारख्या पट्टीतून जरा सटकलेलं असतं. माहितगार डॉक्टर पंजा फिरवून ते क्षणात बसवतात. इथे सुई टोचण्यानेच मूल जास्त रडेल. आईच्या मांडीवर बसवून करायचं, आणि पाच-दहा मिनिटांत मूल त्याच हाताने बिस्कीट मागतं.

प्लास्टर झाल्यावर

हाड बसलं की दुखणं उतरणीला लागायला हवं. ते वाढत गेलं, दिलेल्या औषधाला दाद देईना, बोटं दुसऱ्याने हळूच सरळ केली तरी असह्य कळ जाऊ लागली, हात आतून फुगून दगडासारखा वाटू लागला किंवा मुंग्या येऊ लागल्या, तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी रुग्णालय गाठायचं. स्नायूंच्या बंद कप्प्यात दाब वाढून त्यांचं रक्त तुटतं, आणि काही तासांत ते मरू लागतात. नाडी लागतेय म्हणून निर्धास्त राहू नका, ती उशिरापर्यंत लागत राहते. आधी प्लास्टर आणि आतला कापूस पूर्ण मोकळा करतात. तेवढ्याने भागलं नाही तर ऑपरेशन करून कप्पा उघडतात. इथे जास्तीची गोळी घेऊन सकाळची वाट बघणं म्हणजे हात गमावण्याची वाट बघणं. हाडवैद्याने बांबूच्या कामट्या लावून करकचून बांधलेल्या पोरांच्या हातांची बोटं कायमची आकसलेली आजही दिसतात ती यानेच. पैसे नाहीत, रुग्णालय लांब आहे, ऑपरेशनची धास्ती आहे म्हणून लोक तिकडे जातात, हे मी समजू शकतो. तिथे गेलात तरी बोटांकडे लक्ष ठेवा आणि ही लक्षणं दिसली तर कामट्या त्याच क्षणी सोडा.

बाकी घरी हात किंवा पाय छातीपेक्षा उंच ठेवायचा, बोटं हलवत राहायची, पहिले दोन दिवस बर्फ कापडात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं धरायचा. गोळ्या कळ आल्यावर नाही तर घड्याळाप्रमाणे घ्यायच्या. ब्लॉक दिला असेल तर तो उतरायच्या आधीच पहिली गोळी पोटात हवी, कारण तो बहुधा मध्यरात्री उतरतो आणि दुखणं एकदम उसळतं. आणि स्ट्रिपवरची नावं वाचा. आपल्याकडे अॅसिक्लोफेनॅक किंवा ट्रॅमाडॉलच्या गोळीत बऱ्याचदा पॅरासिटामॉल मिसळलेलं असतं. वर तापासाठी वेगळी गोळी घेतली की २४ तासांत ४ ग्रॅमची मर्यादा नकळत ओलांडली जाऊ शकते आणि यकृताला इजा होऊ शकते.

आठवड्याभराने सूज उतरून प्लास्टर सैल होतं, तेव्हा पुन्हा एक्स-रे काढतात, कारण बसवलेलं हाड या काळात सरकू शकतं. सरकलं असेल तर पुन्हा बसवावं लागतं, आणि पहिल्या वेळच्या आठवणीने रुग्ण आधीच गारठलेला असतो. साचलेलं रक्त एव्हाना घट्ट झाल्याने मोडीत दिलेलं लिग्नोकेन आता तितकं पसरत नाही. म्हणून या दुसऱ्या खेपेला नस बधिर करणं किंवा गुंगी यांपैकी काय देणार, हे टेबलावर चढायच्या आधी विचारून घ्या, आणि गुंगी ठरली तर घरून उपाशीपोटी निघा.